आधी तू पी

सांगली,
९ फेब्रुवारी १९९९

प्रबुद्धदादा, जय भीम.

तुझा पत्ता शौनक सरांनी दिला. त्यांच्यावर राग काढू नकोस, तीन दिवस मी त्यांचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे बोलले. साताऱ्यात पोवई नाक्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसतोस म्हणे. घर सोडून पंधरा दिवस झाले. आईला दोन ओळी खरडायला साताऱ्यात पोस्टकार्ड मिळत नाही होय रे?

तुझ्या जागेवर सरांनी कॉम्प्युटर क्लासमध्ये मला घेतलंय. हसू नकोस. सकाळच्या बॅचला शिकवते, मावशीकडे राहते, रविवारी एस.टी.नं गावी जाऊन येते.

घरी सगळं ठीक. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात आबांचा सत्कार झाला. शाल, नारळ, हार. "दिवाळीपासून एक खेप न चुकवता सहा वस्त्यांना पाणी पाजणारे टँकरचालक धोंडीबा" असं हेडमास्तर माईकवरून बोलले आणि आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या जन्मात मी ते कधी पाहिलं नव्हतं. तू आदल्याच दिवशी भांडून गेलास हे आम्ही कुणाला सांगितलं नाही. पुण्याला परीक्षेला गेलाय म्हणून सांगितलं.

नानासो टँकरमध्ये स्वतःच्या विहिरीचं पाणी भरायला लावतात, ते तू बाटलीत भरून तपासायला नेणार होतास, हे आबांना कुणी सांगितलं असं जाताना विचारत होतास. मला काय माहीत. वस्तीवर काय लपून राहतं होय? आणि आबांनी ती बाटली दगडावर फोडली, तुझ्यावर हात उगारला, ते चुकलंच. पण "आबा, तुमी लोकास्नी ईख पाजताय" असं तोंडावर म्हणायची काय गरज होती तुला?

जाऊ दे. दुसरंच सांगायला बसले होते. चार नंबरच्या मशीनवर तुझा तो गेम तसाच आहे. बॉम्ब पडून सगळं जग उजाड झालंय आणि एकटा माणूस पाणी शोधत हिंडतोय, तोच. सीडीवर नाव नाही, तू स्केचपेननं "उजाड" लिहिलंयस. दुपारी चारला मशीन मोकळं असतं तेव्हा मी तुझ्याच सेव्हवरून पुढं खेळते. लढाईबिढाई मला जमत नाही. मी नुसती कोपरे बघत हिंडते. एका शाळेत बत्तीस बाकं आहेत, फळ्यावर तारीख आहे, आणि सगळी दप्तरं बाकांखालीच. एका घरात पाच ताटं मांडलीत. चार ताटांवर धूळ आहे आणि एक लख्ख आहे. मी तिथून जी पळाले! खरोखरची खुर्ची सरकवून उठले, पोरी हसायला लागल्या.

पत्राचं उत्तर दे. मला नाही दिलंस तरी आईला दे.

तुझी दीक्षा


सांगली,
१ मार्च १९९९

दादा, जय भीम.

उत्तर नाही. बरं. मीही तुझीच बहीण आहे, लिहीतच राहणार.

गेममध्ये तू रिकामे डबे टाकत गेलायस, ते मला सापडले. पहिल्यांदा वाटलं कचरा आहे. मग बघते तर दहा दहा पावलांवर एक डबा, सरळ रेषेत, पार नकाशाच्या खालच्या कोपऱ्याकडे. तिकडे तर गेममध्ये काहीच नाही. ना दुकान, ना माणूस, ना लढाई. सर म्हणाले, "तिकडं कोण जात नाही गं, तिकडचं करणाऱ्यांनी अर्धवट सोडलंय." पण तू गेलायस. डबे मोजत मी अर्ध्यापर्यंत आले. वाटेत एक टेलिफोन आहे. त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं की गप्प असतो, पाठ फिरवली की वाजतो. उचलला, तर नुसता कुणाचा तरी श्वास. तू उचलला होतास का?

आणि एक गोष्ट मला अजिबात आवडली नाही. तुझ्या सोबतीला जो म्हातारा चालतो त्याचं नाव तू 'आबा' ठेवलंयस. त्याच्यावर क्लिक केलं की हुकमांची यादी येते. थांब, चल, मार, आणि 'आधी तू पी'. म्हणजे अनोळखी पाणी दिसलं की आधी म्हाताऱ्याला पाजायचं, तो जगला तर आपण प्यायचं. असल्या कामाला बापाचं नाव देतोस? लाज वाटली पाहिजे.

काल गावी होते. आबांबरोबर टँकरवर गेले, सहाही वस्त्यांना. तो जर्मनचा, अॅल्युमिनियमचा पेला त्यांनी अजून केबिनमध्ये खिळ्याला टांगलाय. टँकर थांबला की खाली उतरतात, कॉक जरासा सोडून पेला भरतात, सगळ्यांच्या देखत पितात, पेला उपडा करून दाखवतात आणि मग म्हणतात, "घ्या." तोवर कुणी कळशी पुढं करत नाही. पहिल्या दिवशी वरच्या आळीतल्या अंबूबाईनं, "डायवर कोन हाय म्हनं?" असं विचारलं होतं, तेव्हापासूनची ही रीत. आबांनी पेलाच काढला. आधी स्वतः प्यायले आणि मग कॉक सोडला. तहान लागली होती, अंबूबाईनं मुकाट कळशी लावली. आता आबा प्यायल्याशिवाय तीच पाणी घेत नाही.

आज्जाला याच गावच्या विहिरीच्या पायरीवर पाय ठेवू दिला नाही. उन्हात तासभर ओंजळ करून उभा राहायचा, वरून कुणीतरी ओतायचं. आणि आता सगळं गाव आबांच्या मागनं पितं. तो पेला म्हणजे आबांची शाल आहे दादा, खरी शाल. तू त्यातच विष आहे म्हणालास. त्यांना दुसरं काय ऐकू येणार?

आता आबा जरा थकलेत एवढंच. चहा बशीत ओतताना हात हलला, शर्टावर सांडला. मी म्हटलं, "आबा, म्हातारे झाला की." लय हसले.

दीक्षा


सांगली,
२३ मार्च १९९९

दादा,

हे पत्र फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

मी त्या कोपऱ्यात पोचले. शेवटच्या डब्यापाशी एक विहीर आहे. गेममध्ये आतापर्यंत जेवढं पाणी पाहिलं ते हिरवं, गढूळ, वर माश्या घोंगावणाऱ्या. या विहिरीचं नितळ. तळ दिसतो. काठावर गवत नाही, माशी नाही, सरडा नाही, काही म्हणजे काही नाही. म्हाताऱ्याला 'आधी तू पी' केलं. प्यायला, तोंड पुसलं, हसला. काही झालं नाही. मला वाटलं, चला, एवढ्या लांब आल्याचं सार्थक झालं.

मग कपाटात मशीनचं जुनं रजिस्टर सापडलं. आपण पोरांच्या वेळा आणि सह्या घेतो तेच. उलट्या बाजूनं तुझं अक्षर. डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत, गेममधल्या एकेका दिवसाची एक ओळ. तू म्हाताऱ्याला रोज त्या विहिरीचं पाजत होतास आणि लिहून ठेवत होतास. चाळीस दिवस पुढं 'काही नाही, काही नाही, काही नाही'. मग 'नेम चुकला'. मग 'हात थरथरतो'. मग 'चालताना थांबतो'. एकसष्टाव्या दिवशी फक्त 'उठला नाही'. त्याखाली तू तोच खेळ पुन्हा तीनदा केलायस. आणि शेवटी चौकटीत लिहिलंयस, "हात थरथरायला लागल्यावर लगेच पाणी तोडलं तर वाचतो. आठ दिवस उशीर झाला की नाही."

गेम म्हणजे डॉक्टर नाही, एवढं मला कळतं. कुणा परदेशातल्या माणसानं आकडे घातले असतील. पण त्याच्या खालीच तू लिहिलंयस, "नानासोंच्या विहिरीत पारवे नाहीत. बेडूक नाहीत. पाणी नितळ." आणि मला चहाची बशी आठवली दादा. मला तो सांडलेला चहा आठवला आणि मी हसले होते ते आठवलं.

आता ऐक. आबांना बाटलीचं मी सांगितलं. मी. दुसऱ्या कुणी नाही. तू मला विश्वासानं दाखवलीस, चुलीमागं लपवलेली, आणि मी संध्याकाळी आबा हातपाय धूत होते तेव्हा सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सत्कार होता. आईनं धोतर नीळ घालून वाळवलं होतं. मला वाटलं, हा शहाणा बाटली घेऊन तहसीलला जाणार, टँकर बंद पडणार, आणि आबांची शाल आदल्या दिवशीच जाणार. मला वाटलं आबा तुला चार शब्द बोलतील आणि तू गप्प बसशील. तू घर सोडशील असं मला वाटलं नव्हतं. पहिल्या पत्रात मी धडधडीत खोटं लिहिलं.

मला माफ करू नकोस. पण आता काय करू तेवढं सांग. मला काही सुचत नाही, खरंच सुचत नाही.

दीक्षा


सांगली,
५ एप्रिल १९९९

दादा,

पार्सल मिळालं. कापसात गुंडाळलेली नवी काचेची बाटली, घट्ट बुचाची. चिठ्ठी नाही, सही नाही, नुसती बाटली. ती छातीशी धरून मी मावशीच्या मोरीत बसून रडले. बोलत नाहीस तर नाहीस, पण वाचतोस तरी.

काल रविवारी विहिरीवर गेले. दिवसाढवळ्या, बारा वाजता. रजिस्टरात तू लिहिलंयस तसंच आहे. आपल्याकडच्या कुठल्या विहिरीत पारव्यांची घुटुर्रघूं नसते? इथं कपारी रिकाम्या. माझं मलाच वाकून बघताना कसंसंच झालं, कारण हे सगळं मी आधी पाहिलं होतं, चार नंबरच्या मशीनवर. मागं वळून बघितलं, उगीचच. वरच्या बाजूला नानासोंची पडकी खोली आहे, द्राक्षबाग होती तेव्हाची. फवारणीच्या औषधाचे डबे तिथंच खड्ड्यात पुरलेत. अर्धे वर आलेत, गंजून फुटलेत. डब्यांवरचं चित्र अजून दिसतं, कवटी आणि दोन हाडं.

धुळा धनगर मेंढरं घेऊन लांबनं चालला होता. मी विचारलं, "मामा, इथं पाणी न्हाई पाजत?"

"न्हाई आक्का," तो म्हणाला. "मेंढरं तोंड लावंनात. दिवाळीधरनं. मी बी न्हाई लावत."

"मग कुणाला सांगितलं का न्हाई?"

"धोंडीबा रोज पितोय की. त्याला काय झालंय? मला वाटलं, माझी मेंढरंच खुळी."

बाटली भरली. आज इथं तपासायला दिली. तीन आठवडे लागतील म्हणाले. तीन आठवडे! मी तुझी चौकट मनात धरून त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले.

आबांशी बोलले. वाकड्यात नाही शिरले, हात जोडून बोलले. म्हटलं, "आबा, नानासोंना सांगा, जुन्या ठिकाणावरनंच भरू. बावीस किलोमीटर तर बावीस किलोमीटर."

"डिझेल कोन तुझा बा घालनार?" म्हणाले आणि स्वतःच जीभ चावली.

"तुमचे हात बघा की आबा."

"हाताला काय झालंय? वय झालं."

"आणि वरच्या आळीतल्या शालूबाईची नात? आठ दिवस ओकतीया. तिचं बी वय झालं?"

तेव्हा माझ्याकडे बघितलं. दादा, आबांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात. भर सावलीत. मला म्हणाले, "दीक्षे, माझ्या बापाच्या हातचं पानी बाटतंय म्हनत हुते ही लोकं. सगळा जलम त्यानं ऐकलं. आता माज्या पोटची दोन पोरं तेच म्हनत्यात. भायर कुनी काय म्हनंल मग?" आणि उठून गेले. उठताना दाराची चौकट धरली.

मी दारापर्यंत मागं गेले, पण अडवता आलं नाही. तुला आलं असतं का?

दीक्षा


मिरज,
१३ एप्रिल १९९९

दादा,

शाई फुटलीय, समजून घे. दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहितेय. आधी हे सांगते, आबा आहेत. आता सगळं नीट सांगते.

परवा रविवारी मी टँकरबरोबर गेले. आबा नको म्हणत होते, मी केबिनमध्ये चढून बसले. दोनदा गाडी खाली उतरली, कडेच्या बाभळीला घासली. वरच्या आळीला आलो तर पन्नासेक बाया कळशा लावून उभ्या, पुढं शालूबाई. नात कडेवर, मान टाकलेली. म्हणाली, "धोंडीबादादा, लवकर सोडा, पोरीचा घसा कोरडा पडलाय."

आबा उतरले. पेला काढला. कॉकखाली धरला, पण हात असा हलत होता की पाणी निम्मं बाहेर. बाया बघत होत्या. अंबूबाई म्हणाली, "आवं, बरं न्हाई का तुमास्नी?" आबा पेला तोंडाकडे न्यायला लागले.

मी काय केलं माहीत नाही, म्हणजे ठरवून नाही केलं. पुढं झाले आणि पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, "आबा, आज आधी मी पिते. तुमची पोर हाय. तुमी पाणी चांगलं हाय म्हणताय न्हवं? मग पिऊ दे मला." आणि पेला ओठाला लावला.

आबांनी फाडकन माझ्या हातावर मारलं. पेला उडून पार टँकरच्या चाकाखाली गेला. आणि ओरडले, "पिऊ नगंस! थुक! थुक आदी, दीक्षे, थुक!" माझा जबडा धरून बोटं घातली तोंडात. मी प्यायले नव्हते दादा. एक थेंबही नाही. पण ते ऐकेनातच, "थुक, थुक" म्हणत राहिले.

मग शालूबाईनं नातीला छातीशी आवळलं आणि कळशी उलटी केली.

आबांना तेव्हा कळलं, आपण काय बोलून गेलो ते. त्यांना माहीत होतं दादा. कधीपासून ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. माहीत होतं आणि रोज सहा वेळा पीत होते, कारण ते प्यायले नसते तर कबूल केल्यासारखं झालं असतं. मला वाटतं, आपण जगतोय तोवर पाणी चांगलं आहे असं ते स्वतःलाच दाखवत होते. त्यांनी कॉक पुरता फिरवला. टँकरभर पाणी मातीत गेलं. दुष्काळात, पन्नास बायांच्या देखत. एकीनंही अडवलं नाही. पाणी संपेस्तोवर आबा चाकाला टेकून बसले होते. मग उठायला गेले आणि उठता आलं नाही.

त्यांना इथं आणायला जीप अंबूबाईच्या पोरानं काढली. पाठीमागं शालूबाई नातीला घेऊन. नात आज पेज प्यायली. नानासो गाव सोडून गेलाय, कुठं ते माहीत नाही. तहसीलचा माणूस येऊन विहिरीवर काटे टाकून गेला. गावात दोन्ही बोललं जातंय. टँकर ओतून धोंडीबानं गाव वाचवलं, असं म्हणतात. धोंडीबानं पोरगी वाचवली आणि आम्हाला पाजत राहिला, असंही म्हणतात. मी त्यांना खोटं कसं म्हणू? उद्या जयंती आहे, आई म्हणते, यंदा आपण मिरवणुकीत मागं चालायचं.

डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस पीत होते? मी बोटं मोजली, दिवाळीपासून, पाच महिन्यांच्या वर. त्यांनी पेन खाली ठेवलं. हात थरथरायला लागून किती झाले, असं विचारलं. मी म्हटलं, सहा आठवडे. ते म्हणाले, औषध देतोय, बघू. तू जी चौकट लिहिलीस ती मी त्यांना सांगितली नाही.

काल तासभर क्लासला गेले, रजा सांगायला. चार नंबर चालू केलं. तुझा म्हातारा त्या विहिरीपाशीच उभा होता, मी सोडला तसा. एकदाच पाजलं होतं, तरी हात हलत होता. मी त्याला 'चल' केलं आणि डब्यांवरून मागं मागं आणलं, विहिरीपासून लांब. टेलिफोनपाशी आलो तर तो वाजत होता. मी पाठ फिरवली नव्हती तरी. उचलला नाही. सेव्ह केलं आणि बंद केलं. म्हातारा वाचतो का हे मला बघायचं नाही.

आबा दोन दिवस कुणाच्याच हातचं पाणी घेत नाहीत. नर्सच्या नाही, आईच्या नाही, माझ्या तर नाहीच. सलाईनवर आहेत. ओठ फुटलेत. आज सकाळी मला खूण करून जवळ बोलावलं आणि म्हणाले, "परबुद्धाला लिही. येताना सातारचं पानी आन म्हनावं. त्यानं म्हनलं चांगलं हाय, तर पितो."

तर ये. सकाळी साडेसहाची सांगली गाडी आहे साताऱ्याहून. पाणी तुझ्या हातानं भर, आणि तूच पाज. बाटली मात्र काचेची आणू नकोस, त्यांना धरवत नाही.

दीक्षा